सहा महिन्यांत दात सरळ? एका न आलेल्या सुळ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी बीडीएस, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करतो. दात काढणं, सिमेंट भरणं, रूट कॅनाल, कॅप, म्हाताऱ्या माणसांच्या कवळ्या, हे रोजचं काम. पेशंट मुलीला इथे रेवा म्हणू, नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि आई-वडिलांना विचारूनच लिहितोय, कारण "तुम्ही पण दाताचेच डॉक्टर, मग तार तुम्हीच लावा की" हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं आणि त्याचं उत्तर खुर्चीपाशी उभं राहून दोन मिनिटांत देता येत नाही.

रेवा १२ वर्षांची, सातवीत. आली होती ती दाढ ठणकते म्हणून. खालच्या दाढेत कीड होती, सिमेंट भरलं, आणि निघता निघता आई म्हणाली, "सर, पुढचे दात पण बघता का जरा, वाकडं वाटतंय एका बाजूला." बरोबर आजी होत्या, त्यांचं मत वेगळं. "काय नको ते तार-बीर. पोरीच्या तोंडात लोखंड कशाला आत्तापासनं, लग्नाच्या टायमाला बघू."

वडील मात्र आधीच एका दुसऱ्या क्लिनिकमध्ये चौकशी करून आलेले. तिथे २२ हजार सांगितले होते, ६ महिन्यांत दात सरळ, उद्यापासून सुरू करू. एक्सरे काढायला सांगितला का विचारलं तर नाही म्हणाले. पुण्यातल्या चुलत बहिणीला अलाइनर, म्हणजे तारेऐवजी दातांवर घालायचे काढ-घाल करता येणारे पारदर्शक साचे, चालू होते, त्याचे फोटो घरात सगळ्यांनी बघितलेले, त्यामुळे रेवाला स्वतःला तार नकोच होती, तिला ते पारदर्शक पाहिजे होतं.

नेमका प्रश्न काय होता

वरच्या उजव्या बाजूला पटाशीचा दुसरा दात थोडा फिरून ओठाकडे आलेला. त्याच्या शेजारी दुधाचा सुळा अजून तसाच, धरून हलवला तरी हलेना. डाव्या बाजूचा पक्का सुळा मात्र येऊन बसलेला. घरच्यांना दिसत होता तो फिरलेला दात, कारण फोटोत तोच येतो. मला खटकला तो न पडलेला दुधाचा सुळा.

वरचे पक्के सुळे साधारण ११-१२ व्या वर्षी येतात. यायच्या आधी वर्ष-दीड वर्ष, ओठ उचलून हिरडीवरून बोट फिरवलं तर सुळ्याचा फुगवटा हाताला लागतो. रेवाच्या उजव्या बाजूला बोट फिरवलं तर सपाट. आतून टाळूकडून दाबून बघितलं तर तिथे किंचित टणक लागलं. एका बाजूचा सुळा आला आणि दुसऱ्या बाजूचा हाताला पण लागत नाही, म्हटलं हा बहुतेक वाट चुकलाय. अक्कलदाढेनंतर सगळ्यात जास्त अडकणारा दात हाच, वरचा सुळा, शंभरातल्या एक-दोघांत सापडतो आणि मुलींमध्ये जास्त.

ओपीजी काढायला सांगितला, म्हणजे दोन्ही जबडे एका फिल्मवर दिसतात तो मोठा एक्सरे. संध्याकाळी वडील फिल्म घेऊन आले. पक्का सुळा होता, पण आडवा कललेला, आणि त्याचं टोक त्या फिरलेल्या दाताच्या मुळावर आलेलं. म्हणजे तो दात बाहेर का आला त्याचं कारण वर हाडात बसलेलं होतं.

आता इथेच थांबून विचार करा, की कुणी एक्सरे न बघता सगळ्या दातांना ब्रॅकेट, म्हणजे वायर अडकवायचे छोटे तुकडे, चिकटवले असते, वायर टाकली असती, तर काय झालं असतं. वायरचं काम दात ओळीत आणणं. ती फिरलेल्या दाताला सरळ करणार, म्हणजे त्याचं मूळ नेमकं सुळ्याच्या टोकाकडे ढकलणार. अशात मूळ झिजतं, कधी कधी इतकं की पुढचा चांगला दातच जातो. आणि मजा म्हणजे पहिले ३-४ महिने वरून दात छान सरळ होताना दिसले असते, घरचे खुश झाले असते.

जनरल डेंटिस्ट आणि ऑर्थोडोन्टिस्ट, दोघांचं शिक्षण आणि काम

बीडीएस म्हणजे ४ वर्षं कॉलेज आणि १ वर्ष इंटर्नशिप. त्यात ऑर्थोडोन्टिक्स, म्हणजे वाकडे दात सरळ करायचं शास्त्र, हा एक विषय असतो, आम्ही वायर वाकवायला शिकतो, काढ-घाल करायच्या प्लेटा बनवतो, परीक्षा देतो. पण पूर्ण तोंडाला फिक्स ब्रेसेस लावून केस पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत स्वतः नेणं हे बीडीएसमध्ये जवळपास होत नाही. ऑर्थोडोन्टिस्ट बीडीएस झाल्यावर पुढे ३ वर्षं एमडीएस करतो आणि त्या ३ वर्षांत हेच, दात कसा सरकतो, जबडा कधी आणि किती वाढतो, कुठल्या वयात कशाला हात लावायचा आणि कशाला नाही. त्या शाखेचं पूर्ण नावच ऑर्थोडोन्टिक्स अँड डेंटोफेशियल ऑर्थोपेडिक्स आहे, म्हणजे जबड्याची वाढ पण त्यात आली.

अजून एक, बोर्डावर एमडीएस दिसलं म्हणजे तो ऑर्थोडोन्टिस्ट असं समजू नका. एमडीएसच्या ९ शाखा आहेत, हिरडीवाले वेगळे, लहान मुलांचे वेगळे, रूट कॅनालवाले वेगळे, ऑपरेशनवाले वेगळे. शाखा विचारायची, त्यात लाजायचं काही नाही, महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलकडे प्रत्येकाचं रजिस्ट्रेशन असतं.

बीडीएस डॉक्टरने ब्रेसेस लावू नयेत असं मी म्हणत नाही, तशी सरसकट बंदीही नाही, फक्त एमडीएस नसताना ऑर्थोडोन्टिस्ट म्हणवून घेता येत नाही. पुढे जरा फट आहे, बाकी दाढा नीट बसतात, अशा सोप्या केस काही जनरल डेंटिस्ट नीट शिकून व्यवस्थित करतात. अडचण अशी की केस सोपी आहे का अवघड हे ओळखायलाच सगळं शिक्षण लागतं. ब्रॅकेट चिकटवणं कुणीही दोन दिवसांच्या कोर्समध्ये शिकेल.

पर्याय काय काय होते

पहिला, २२ हजारवाला. ओपीजी बघितल्यावर तो बाद झाला, पण वडिलांना पटायला दोन भेटी लागल्या. त्यांना वाटत होतं मी माझ्या ओळखीच्या डॉक्टरकडे पाठवून कमिशन खातोय. स्पष्टच बोलले, मला ते आवडलं, कारण हा संशय बहुतेकांच्या मनात असतो आणि तोंडावर कुणी बोलत नाही. मी ओपीजीची फिल्म, मोबाईलमध्ये फोटो, आणि एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या आणि सांगितलं, "दादा, कुठल्याही ऑर्थोडोन्टिस्टकडे जा, माझं नाव नका सांगू, फक्त ही फिल्म दाखवा आणि विचारा या सुळ्याचं काय करायचं." ते खरंच दुसरीकडे दाखवून आले, उत्तर तेच मिळालं.

दुसरा पर्याय अलाइनर. ऑर्थोडोन्टिस्टने प्लॅन केलेले अलाइनर हे चांगलं साधन आहे, त्याला माझा विरोध नाही, पण हाडात अडकलेला सुळा ओढून आणायला ते एकटे पुरत नाहीत. आणि घरी किट मागवून स्वतःच माप घ्यायचं असला प्रकार तर नकोच. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही त्यातली मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि कितीतरी लोकांची ट्रीटमेंट अर्ध्यावर लटकली. रेवाचा चेहरा पडला पण तिला फिल्मवर तो आडवा दात दाखवला तेव्हा तिनेच विचारलं, "हा बाहेर कसा काढणार?" त्यानंतर अलाइनरचा विषय निघाला नाही.

तिसरा पर्याय फक्त दुधाचा सुळा काढायचा आणि वाट बघायची. हे मी माझ्या क्लिनिकमध्ये दहा मिनिटांत केलं असतं, खर्च पण नगण्य. स्वीडनच्या एरिक्सन आणि कुरोल यांनी १९८८ मध्ये १० ते १३ वर्षांच्या मुलांमध्ये हेच करून बघितलं होतं, टाळूकडे गेलेल्या सुळ्यांपैकी ७८ टक्के आपोआप वाटेवर आले. पण त्यातच पुढची गोष्ट आहे, सुळ्याचं टोक शेजारच्या दाताच्या मुळाची मधली रेष ओलांडून गेलेलं नसेल तर ९१ टक्के, ओलांडून गेलं असेल तर ६४ टक्के. रेवाचं टोक ओलांडून गेलेलं. तरी ६४ काही वाईट नाहीत, म्हणून हा पर्याय मी टेबलावर ठेवला, फक्त निर्णय ऑर्थोडोन्टिस्टने घ्यावा असं ठरवलं.

चौथा, डेंटल कॉलेज. कराडला आहे, सांगलीला आहे. खर्च कमी, एमडीएस करणारे विद्यार्थी करतात आणि त्यांच्या डोक्यावर प्राध्यापक असतात, काम नीट होतं. पण दर महिन्याला कामाच्या दिवशी अख्खा दिवस जातो, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, आईची अंगणवाडीतली नोकरी, शाळा बुडणार. पैशाची अडचण जास्त असती तर मी इथेच पाठवलं असतं.

पाचवा पर्याय आजींचा, थांबायचा. तोही मी हसण्यावारी नेला नाही. बऱ्याच केसमध्ये थांबणं बरोबर असतं, दात पडायचे बाकी असताना उगाच तार लावून दोन-दोनदा पैसे घालवणारे बघितलेत मी. पण इथे थांबणं म्हणजे ते टोक मुळाला घासत राहणार. आजींना मी म्हटलं, "आजी, लग्नापर्यंत थांबलो तर हा पुढचा दातच राहायचा नाही कदाचित." मग त्या गप्प बसल्या, पूर्ण पटलं नव्हतं.

कुणाकडे करायचं, हा वेगळा निर्णय

आपल्याकडे तालुक्याच्या गावात ऑर्थोडोन्टिस्ट पूर्णवेळ क्वचितच असतात. ते महिन्यातून एक-दोनदा ठरलेल्या वारी वेगवेगळ्या क्लिनिकमध्ये येतात, माझ्याकडेही एक मॅडम येतात. पेशंटला वाटतं बोर्डावर ज्यांचं नाव तेच करतायत, आणि काही ठिकाणी ते पेशंटला सांगितलंही जात नाही. तुमच्या तोंडात हात कोण घालतंय, त्यांचं नाव काय, शाखा कुठली, आणि वायर टोचायला लागली तर मधल्या काळात कोण बघणार, हे चारही प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारायचे.

साधी केस असती तर मॅडमनी माझ्याच क्लिनिकमध्ये केली असती. पण ऑपरेशन लागणार, स्कॅन लागणार, आणि सुळा ओढायला सुरुवात केल्यावर मधेच लवकर बघायची गरज पडू शकते, म्हणून त्यांनीच सुचवलं की त्यांच्या साताऱ्याच्या क्लिनिकमध्ये करू. मी मधल्या अडचणी बघायच्या, बाकी सगळं त्यांच्याकडे. हे आम्ही कागदावर लिहून दिलं, फी पण, आणि फीमध्ये काय येतं आणि काय नाही तेही. ऑपरेशन वेगळं, स्कॅन वेगळा, तार काढल्यावर दात परत सरकू नयेत म्हणून घालायच्या रिटेनरची पहिली जोडी फीमध्ये. ब्रेसेसचे ४८ हजार, हप्त्याने.

काय केलं

मॅडमनी पहिल्या भेटीत तोंडात काहीच लावलं नाही, वडिलांना त्याचंच आश्चर्य. दोन्ही जबड्यांची मापं घेतली, फोटो काढले, डोक्याचा बाजूने एक्सरे काढला ज्याला सेफ म्हणतात, आणि त्या भागापुरता सीबीसीटी म्हणजे थ्रीडी स्कॅन. त्यात दिसलं की सुळा टाळूकडे आहे आणि शेजारच्या मुळाला झीज लागायला नुकतीच सुरुवात झालीय. त्यामुळे तिसरा पर्याय संपला. झीज सुरू नसती तर त्या ६ महिने थांबून बघायला तयार होत्या.

प्लॅन असा झाला. वरच्या दातांना ब्रॅकेट, पण ज्या दाताच्या मुळाला धोका त्या दाताला नाही. म्हणजे ज्या एका वाकड्या दातासाठी घरचे आले होते तोच सोडून बाकीच्यांना! वायर त्याच्या बाहेरून गेली. सुळ्यासाठी मधे स्प्रिंग घालून जागा करायला ४ महिने गेले. मग ओरल सर्जननी भूल देऊन दुधाचा सुळा काढला, टाळूची हिरडी उघडून आतल्या सुळ्याचा शेंडा मोकळा केला, त्याला एक छोटं बटण चिकटवलं आणि बटणाला केसासारखी बारीक साखळी. टाके घातले, साखळी वायरला बांधून ठेवली. तिसऱ्या दिवशी रेवा मऊ भात खात होती.

ओढायची दिशा ही खरी कारागिरी. सुळा सरळ ओळीकडे ओढला तर तो मुळावरून घासत जाणार, म्हणून आधी मागे आणि टाळूकडे, मुळापासून लांब, आणि मग ओळीकडे. हलक्या जोरात दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो. या सुळ्याला सेंटीमीटरच्या वर जायचं होतं, त्याच्या आधी जागा करायची, त्याच्या नंतर मूळ सरळ करायचं. ६ महिन्यांचा हिशोब तुम्हीच करून बघा.

माझा वाटा या काळात असा, की दर ३ महिन्यांनी साफसफाई, एका दाढेत पुन्हा कीड लागली ती भरली, आणि जानेवारीत शेतावर ऊस सोलून खाल्ल्यामुळे दोन ब्रॅकेट निघाले तेव्हा टोचणारी वायर कापून मॅडमना फोटो पाठवला. ब्रॅकेट मी परत चिकटवले नाहीत, ते त्यांनीच केलं, कारण ब्रॅकेटची जागा अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाली तरी दात वेगळा फिरतो.

मे महिन्यात रेवा आजोळी गेली आणि सलग दोन ॲपॉइंटमेंट बुडाल्या. परत आल्यावर सुळा होता तिथेच. वडील वैतागले, "सर, पैसे पाण्यात गेले का?" त्यांची भीती अगदी चुकीची पण नव्हती, कधी कधी असा दात हाडालाच चिकटून बसतो आणि मग कितीही ओढा येत नाही. तार काढून टाकायची आणि सुळ्याचा नाद सोडायचा का, असा विषय घरात झाला. मॅडमनी पुन्हा एक्सरे काढला, साखळीचा ताण गेलेला दिसला, बाकी काही नाही, तो बदलला आणि पुढच्या दीड महिन्यात सुळा हलला.

निकाल

ऑपरेशननंतर साधारण वर्षभराने सुळा ओळीत आला. त्या फिरलेल्या दाताला ब्रॅकेट अगदी शेवटी लागलं, सुळा लांब गेल्यावर, आणि तो काही आठवड्यांत सरळ झाला. खालच्या दातांची थोडी दाटी होती तीही मधे करून घेतली. एकूण २७ महिने लागले. सगळं धरून खर्च ६० हजारांच्या थोडा वर गेला, ज्यात ऑपरेशन, स्कॅन आणि एक्सरे आले.

एकदम फोटोसारखं झालं असं नाही. त्या दाताचं मूळ थोडं आखूड राहिलं, ते परत वाढत नाही, पण दात घट्ट आहे, वर्षातून एकदा एक्सरे काढून बघतो. दोन ब्रॅकेटच्या कडेला पांढरे डाग पडलेत, ब्रश करायचा कंटाळा. वरच्या दातांची मधली रेष एखादा मिलिमीटर सरकलेली आहे, ती मला आणि मॅडमना दिसते, बाकी कुणाला नाही.

तार काढल्यावर वरच्या पुढच्या दातांना मागून बारीक फिक्स वायर आणि रात्री घालायचा रिटेनर. तो रिटेनर दुसऱ्याच महिन्यात हॉटेलात टिश्यूमध्ये गुंडाळून ठेवला आणि वेटरने ताटासोबत उचलला, हे इतक्या पेशंटचं होतं की मी आता डबी हातात देतानाच सांगतो. नवीन करायचे पैसे वडिलांनी न बोलता दिले.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट, हे दोन वर्षं आधी सापडायला पाहिजे होतं. रेवा १० वर्षांची असताना दुधाच्या दाढेसाठी एका क्लिनिकमध्ये जाऊन आली होती. तेव्हा ओठ उचलून बोट फिरवलं असतं, एक ओपीजी काढला असता, तर बहुतेक फक्त दुधाचा सुळा काढून भागलं असतं, ऑपरेशन नाही, साखळी नाही. अमेरिकेतली ऑर्थोडोन्टिस्टची संघटना तर ७ व्या वर्षी एकदा दाखवा म्हणते. आपल्याकडे ७ व्या वर्षी ऑर्थोडोन्टिस्ट कुठून आणायचा हा प्रश्न आहे, म्हणून ते काम जनरल डेंटिस्टलाच करावं लागणार. मूल किडलेल्या दाढेसाठी आलं तरी सुळे, दाढा एकमेकांवर कशा बसतात, खालचा जबडा मागे आहे का, मूल तोंडाने श्वास घेतं का, हे बघायला पाच मिनिटं जास्त लागतात. खालचा जबडा मागे असेल तर वाढीच्या वयात प्लेट लावून फायदा होतो, वाढ संपल्यावर तीच गोष्ट ऑपरेशनवर जाते, तिथेही पाठवायची वेळ महत्त्वाची.

दुसरं, मे महिन्याची सुट्टी, लग्नं, गावची यात्रा, हे सगळं सुरुवातीलाच कॅलेंडरवर घेऊन बसलं असतं तर ते दोन महिने वाचले असते.

तिसऱ्या गोष्टीवर मॅडमचं आणि माझं एकमत नाही. मला वाटतं सुरुवातीला वडिलांना दुसरं मत घ्यायला आम्हीच पाठवायला हवं, प्रत्येक मोठ्या केसमध्ये, नियम म्हणूनच. त्या म्हणतात, पेशंट आणखी गोंधळतो आणि शेवटी जो सगळ्यात कमी पैसे सांगेल तिकडे जातो. रेवाच्या वडिलांच्या बाबतीत उलटं झालं, दुसरीकडे तेच उत्तर मिळालं म्हणून ते टिकले, मे महिन्यात वैतागले तेव्हाही.

रेवाचा धाकटा भाऊ आता ९ वर्षांचा आहे. त्याचे पुढचे दात दिसायला एकदम सरळ आहेत आणि आईने त्याला काही त्रास नसताना स्वतःहून आणलं. बोट फिरवून बघितलं, अजून दोन्हीकडे काही लागत नाही, जे या वयात चालतं. वाढदिवसानंतर ६ महिन्यांनी परत आणायला सांगितलंय, तेव्हाही लागलं नाही तर ओपीजी.